एका बँडची एकच तबकडी

मराठी माणसाच्या संगीताचा इतिहास सांगताना आपण नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, अभंग एवढ्यावर थांबतो. १९७०च्या आसपास मुंबईत विजेच्या गिटारी घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांचं नाव त्यात येत नाही. ती इंग्रजी गात, हे त्याचं कारण. मला ते पुरेसं वाटत नाही.

'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' हा त्यांतलाच एक बँड. बास गिटारवर कीथ कांगा, गायला मधुकर धस आणि काही काळ नंदू भेंडे. नंदू म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. घरात मराठी रंगभूमी नांदत होती, आणि मुलगा 'सॅव्हेजेस', 'वेल्व्हेट फॉग' असे बँड करत इथे आलेला!

हे बँड टिकत नसत. आज इथे ड्रम वाजवणारा उद्या दुसरीकडे. परदेशी गिटार आणणं सोपं नव्हतं; खटपटी करून वाद्यं आणि अ‍ॅम्प्लिफायर जमवावे लागत. आधार होता तो हॉटेलांचा, कॉलेजांचा आणि एका सिगारेटचा. 'सिमला' सिगारेटच्या नावानं 'सिमला बीट' ही स्पर्धा भरे. १९७० आणि १९७१च्या स्पर्धांतल्या बँडच्या तबकड्या निघाल्या, म्हणून तेवढा आवाज तरी उरला.

१९७२ साली 'लेड झेपलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये चक्क वाजवून गेले. आम्हा नाशिककरांना यातलं काय कळणार? आमची धाव रेडिओ सिलोनच्या खरखरीपर्यंत. पंचवटीत टाळ-मृदंगाला तोटा नव्हता, पण गिटार पाहायची ती सिनेमातच.

१९७४ साली अलेक पदमसींनी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' बसवलं. त्यात धस येशू झाले, भेंडे ज्यूडास. आणि मग १९७८ साली 'तीन पैशाचा तमाशा' आला. ब्रेख्तच्या नाटकाचं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं रूपांतर, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि त्यातला अंकुश म्हणजे नंदू भेंडे. नाट्यपद, लावणी आणि रॉक एकाच रंगमंचावर! माझ्या मते बँडच्या त्या वर्षांची खरी कमाई ही. ज्या गळ्यानं क्लबात इंग्रजी गायली, तोच मराठीत आला आणि परका वाटला नाही.

तोवर डिस्कोचे दिवस आले. तबकडी लावली की लोक नाचू लागले. पाच माणसांना बिदागी द्यायची कोणी? 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'ही विखुरला. मागे राहिला तो 'ऑब्सेशन ७७' हा एकमेव अल्बम. जुन्या तबकड्यांचे शौकीन तो शोधत फिरत. २०११ साली अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' कंपनीनं ती गाणी पुन्हा काढली. नंदू भेंडे २०१४च्या एप्रिलमध्ये गेले. आपल्या तरुणपणीचा हा आवाज पुन्हा बाजारात आलेला त्यांच्या हयातीतच घडला, एवढं बरं झालं.