वाटाण्याच्या वेलापासून बालचित्रवाणीपर्यंत

बी कसे रुजते, हे आपण तिसरी-चौथीच्या मुलांना दरवर्षी शिकवतो. ओल्या कापसात वाटाणे किंवा मटकी ठेवतो, रोज पाहायला सांगतो. मुले दोन दिवस उत्साहाने पाहतात, तिसऱ्या दिवशी कंटाळतात. यात त्यांचा दोष नाही. वाढ इतकी सावकाश होते की पाहणाऱ्याला ती ‘होताना’ दिसतच नाही; दिसते ती फक्त झालेली वाढ. मुलांसाठीच्या शैक्षणिक अॅनिमेशनचा आपल्याकडचा इतिहास नेमका याच अडचणीपासून सुरू करता येतो, आणि त्याची सुरुवात करणारा माणूसही आपल्या परिचयाचा आहे.

फाळक्यांचा वाटाणा

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा करायचा होता आणि या नव्या यंत्रावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर पक्का बसवला आणि वेल वाढेल तसतशी एकेक चौकट टिपत गेले. फीत चालवल्यावर महिनाभराची वाढ प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर काही क्षणांत घडली. पैसा देणाऱ्यांची खात्री पटली.

इथे थोडे गणित करून पाहू. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी पडद्यावर जात. रोज एकच चौकट टिपली, तर महिन्यात ३० होतात. म्हणजे पडद्यावर दोन सेकंदसुद्धा नाहीत! एक मिनिटाची फीत हवी असेल तर ९६० चौकटी लागतील, म्हणजे महिनाभर रोज ३२. हे गणित सहावीच्या मुलांना घालून पाहावे. फाळक्यांनी किती चिकाटी दाखवली असेल याचा अंदाज ती मुले स्वतःच बांधतील.

पुढे फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यांनाच हालते केले. तत्त्व तेच : वस्तू किंचित सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची.

डोळा की मेंदू?

स्थिर चित्रे हलताना का दिसतात, याचे उत्तर अनेक पुस्तकांत ‘दृष्टिसातत्य’ असे दिलेले असते. डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा क्षणभर टिकते, म्हणून पुढची प्रतिमा तिला जोडली जाते, असे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. प्रतिमा नुसत्या टिकून राहिल्या असत्या तर त्या एकमेकींवर चढून गोंधळ झाला असता. गती दिसली नसती. मॅक्स वेर्थहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ सालीच, म्हणजे फाळके वाटाण्यापुढे बसले होते त्याच वर्षी, यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दोन स्थिर रेषा ठरावीक अंतराने एकामागून एक दाखवल्या, की पाहणाऱ्याला एकच रेषा सरकल्यासारखी वाटते. गतीची ही जाणीव मेंदू घडवतो. वर्गात हा विषय निघेल तेव्हा एवढी दुरुस्ती जरूर करावी.

प्रभातनगरीतला कोल्हा

१९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली. १९३४ साली तिने ‘जंबूकाका’ हा छोटा कार्टूनपट काढला. रघुनाथ केळकर यांनी तो केला. जंबूक म्हणजे कोल्हा. पंचतंत्र वाचणाऱ्या मुलांच्या ओळखीचाच प्राणी. त्याच वर्षी कलकत्त्यातही असा प्रयत्न झाला. भारतीय कार्टूनपटांच्या पहिल्या पावलांपैकी एक पाऊल पुण्यात पडले, असे निश्चितपणे म्हणता येते.

पण ही वाट पुढे रुळली नाही. त्याचे कारण पुन्हा गणितातच आहे. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. प्रत्येक चित्र दोन चौकटींसाठी वापरले, तरी सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० चित्रे काढून रंगवावी लागतात. एवढा खर्च करून तयार होणारा मिनिटभराचा कोल्हा तिकीटबारीवर काय मिळवून देणार? मुलांचे अॅनिमेशन बाजाराच्या हिशेबात बसत नव्हते. ते करायचे तर कोणीतरी शिक्षणाचा खर्च समजूनच करायला हवे होते.

सात मिनिटांचा धडा

हा खर्च स्वातंत्र्यानंतर सरकारने उचलला. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे चित्रकार तयार झाले. याच संस्थेच्या ‘एक अनेक और एकता’ (१९७४) या सात मिनिटांच्या चित्रपटाने पुढे दूरदर्शनवर दोन पिढ्यांना एकवचन-अनेकवचन शिकवले. कल्पना विजया मुळे यांची, अॅनिमेशन भीमसेन यांचे आणि संगीत वसंत देसाई यांचे. हे देसाई तरुणपणी प्रभातमध्येच उमेदवारी करून तयार झाले होते. जंबूकाकाच्या घराण्याशी असा एक धागा जुळतो.

सात मिनिटांच्या १०,०८० चौकटी होतात. त्या खर्ची घालून काय साधले? ‘एकी’ ही अमूर्त कल्पना आहे. तिचे छायाचित्र काढता येत नाही. जाळ्यात सापडलेले पक्षी जाळ्यासकट एकदम उडतात, तेव्हा ती दिसते. वाटाण्याच्या बाबतीत अडचण काळाची होती, इथे अमूर्ततेची. कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते दाखवणे हेच अॅनिमेशनचे खरे काम. जे प्रत्यक्ष दाखवता येते ते चित्रात नाचवून दाखवणे ही निव्वळ सजावट झाली.

उपग्रह आणि सेनापती बापट रस्ता

१९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि १९७३ साली पुण्यात त्याचे कार्यक्रम दिसू लागले. मात्र दूरचित्रवाणी हे शिक्षणाचे साधन म्हणून मोठ्या प्रमाणावर पारखले गेले ते ‘साइट’ प्रयोगात. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचवले गेले. रोज सकाळचा दीड तास मुलांचा होता. या प्रयोगाची धुरा सांभाळणारे एकनाथ चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. निवृत्तीनंतर पुणे विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता आणि प्रक्षेपणाच्या चार भाषांत मराठी नव्हती.

मराठीची पाळी ‘इन्सॅट-१ बी’च्या काळात आली. सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाल्या. त्यांतली महाराष्ट्राची संस्था १९८४ साली पुण्यात, सेनापती बापट रस्त्यावर उभी राहिली. तीच आपली ‘बालचित्रवाणी’. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा अशा दोन वयोगटांसाठी तिथे मराठीत कार्यक्रम तयार होऊ लागले. बाहुल्या, चित्रे, प्रयोग, गाणी आणि जिथे परवडेल तिथे अॅनिमेशन. ‘परवडेल तिथे’ हे महत्त्वाचे. सेकंदाला डझनभर चित्रे काढण्यापेक्षा हातात बाहुली घालून बोलणे कितीतरी स्वस्त पडते.

पुढे खाजगी वाहिन्या आल्या, परदेशी कार्टून दिवसभर चालू लागली आणि संस्थेचा निधी आटत गेला. २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली. ‘आता इंटरनेटवर सगळे मिळते,’ असे आपण सहज म्हणतो. पण पडद्यावर पुष्कळ काही असणे वेगळे आणि कोणत्या वयाच्या मुलाला, कोणत्या भाषेत, काय दाखवायचे याचा विचार करणारी माणसे एका छपराखाली असणे वेगळे. असा विचार साठत जायला तेहतीस वर्षे लागली. तो मोडायला एक आदेश पुरला.

वर्गात काय करता येईल?

अमेरिकेत १९६९ साली ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झाली, तेव्हा एडवर्ड पामर यांनी एक साधी कसोटी वापरली. मुलापुढे कार्यक्रम लावायचा आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी नवे रंगीत चित्र दाखवायचे. मुलाची नजर कार्यक्रमावरून कधी ढळते याची नोंद ठेवायची. कार्यक्रमाचा तेवढा भाग कच्चा समजायचा आणि सुधारायचा. आपण दाखवतो त्या चित्रफितीची परीक्षा अशी घेता येईल. पडद्याकडे न पाहता मुलांकडे पाहत बसा आणि नजरा कुठे ढळतात ते टिपा. मात्र नजर खिळली म्हणजे समजले असे नव्हे. फीत संपल्यावर ‘काय पाहिले?’ याऐवजी ‘असे का झाले?’ हा प्रश्न विचारा. शिकवणे तिथून सुरू होते.

दुसरे काम फाळक्यांचेच आहे. कुंडीत वाटाणा पेरा, मोबाइल एका जागी पक्का बसवा आणि शाळेच्या वेळात दर तासाला एक छायाचित्र घ्या. सहा तास, वीस दिवस, म्हणजे १२० चित्रे. सेकंदाला १२ या वेगाने दाखवल्यास दहा सेकंदांचा चित्रपट तयार होईल. चौकटी कमी का पडल्या, रात्रीची वाढ दिसताना वेल एकदम उडी का मारतो, हे मुले आपणहून विचारतील.

आणि तिसरे काम आपल्या सर्वांचे. बालचित्रवाणीचे कार्यक्रम ज्यांनी वर्गात दाखवले असे अनेक शिक्षक आज निवृत्त आहेत. कोणता कार्यक्रम चालला, कोणता पडला, मुलांनी काय विचारले, हे कुठल्याही सरकारी अहवालात सापडायचे नाही. ते त्यांच्या आठवणीत आहे. आपल्या शाळेतल्या अशा एखाद्या बाईंना, गुरुजींना गाठा आणि ते लिहून घ्या. पुढच्या वेळी कोणी मराठी मुलांसाठी हलती चित्रे काढायला बसेल, तेव्हा त्याला पहिल्या चौकटीपासून सुरुवात करावी लागू नये.