नातलग, प्रतिपालक आणि शासन : अमेरिकेतील एका व्याख्येचा इतिहास

आईबापांपासून दुरावलेल्या मुलाला आजीने वा मावशीने आपल्या घरी वाढविले, तर त्या संगोपनाच्या खर्चाचा भार शासनाने उचलावा काय? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नावर १९३५ पासून कायदे होत आले आहेत. वरकरणी हा अनुदानांचा इतिहास होय. तथापि यात अनेकदा निर्णय झाला तो एखाद्या शब्दाच्या व्याप्तीवरून. म्हणूनच भाषेच्या अभ्यासकासही तो विचारणीय वाटतो.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ‘परावलंबी मूल’ ही संज्ञा निश्चित केली. आईबापांपैकी एकाचा मृत्यू, दीर्घ अनुपस्थिती किंवा असमर्थता यांमुळे निराधार झालेले, आणि कायद्यात नमूद केलेल्या नातलगांपैकी कोणाच्या तरी घरी राहणारे सोळा वर्षांखालील मूल मदतीस पात्र ठरले. त्या यादीत आजी, आजोबा, भावंडे आणि सावत्र नातीही होती. मूळ कायद्यातील ‘अंकल’ व ‘आंट’ या दोन शब्दांसाठी मराठीत काका, मामा, आत्या, मावशी असे निदान चार शब्द योजावे लागतात. येथे नाते हीच पात्रतेची खूण होती.

पुढे १९६१ मध्ये, न्यायालयाच्या आदेशाने घरातून काढलेल्या मुलांच्या ‘फॉस्टर’ संगोपनासाठी, म्हणजे प्रतिपालनासाठी, संघशासनाची मदत सुरू झाली. आणि तीच खूण अपात्रतेची ठरू लागली. इलिनॉय राज्याने प्रतिपालक घराची व्याख्या ‘मुलांशी नाते नसलेल्यांचे घर’ अशी केली होती. १९७२ मध्ये राज्याच्या ताब्यातील काही भावंडांपैकी दोघांना त्यांच्या विवाहित बहिणीकडे सोपविण्यात आले. परक्या घरी दरमहा १०५ डॉलर मिळाले असते. बहिणीच्या घरी प्रत्येकी सुमारे ६३ मिळाले. ‘मिलर विरुद्ध युआकिम’ या खटल्यात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद अमान्य केला. न्या. थर्गुड मार्शल यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, संघशासनाच्या कायद्यातील प्रतिपालक घराच्या व्याख्येत नातलगांना वगळलेले नाही.

अर्थात याने प्रश्न मिटला नाही. प्रतिपालन हे मूलतः तात्पुरते. त्यात मूल शासनाच्या ताब्यात राहते आणि न्यायालयाची देखरेख चालू राहते. ती संपवावी तर मदतही संपे. १९८० च्या कायद्याने दत्तकासाठी अनुदान दिले खरे, परंतु दत्तकविधानापूर्वी जन्मदात्यांचे हक्क संपुष्टात यावे लागतात. म्हणजे नातवाला दत्तक घेणारी आजी कायद्याने त्याची आई होते आणि तिची स्वतःची मुलगी कायद्यापुरती त्याची कोणीच उरत नाही. पुष्कळ आज्यांना हे मान्य होण्यासारखे नव्हते, यात नवल नाही.

यातून अनुदानित पालकत्वाचा तिसरा मार्ग निघाला. इलिनॉयने १९९७ मध्ये त्याचा प्रयोग आरंभिला. कॅलिफोर्नियाची ‘किन-गॅप’ योजना २००० मध्ये सुरू झाली. ७ ऑक्टोबर २००८ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या स्वाक्षरीने झालेल्या कायद्याने अशा योजनांना संघशासनाचा निधी खुला केला. योजना स्वीकारण्याची मोकळीक मात्र राज्यांना ठेवली. मूल त्या नातलगाच्या परवानाप्राप्त घरी सलग सहा महिने प्रतिपालनात राहिलेले असावे, स्वगृही परतणे वा दत्तक जाणे त्याच्या हिताचे नसावे, आणि चौदा वर्षांवरील मुलाचा विचार घेतलेला असावा, अशा अटी होत्या. अनुदान प्रतिपालनाच्या दराहून अधिक असू शकत नाही. मूल शासनाच्या ताब्यातून बाहेर पडते, मदत चालू राहते, आणि आजी आजीच राहते.

मराठीत मात्र या व्यवस्थेचे वर्णन करताना अडचण येते. ‘पालक’ हा आपला शब्द आईबाप आणि कायदेशीर पालनकर्ता या दोघांनाही लागतो. अमेरिकन कायद्याची सारी इमारत तर त्यांच्यातील अंतरावरच उभी आहे.

या व्यवस्थेतील उणीवही व्याख्येतच आहे. सहा महिन्यांच्या प्रतिपालनाची अट म्हणजे मूल प्रथम शासनाच्या ताब्यात गेलेले असले पाहिजे. ज्या आजीने वेळीच नातवाला जवळ केले आणि ती वेळ येऊच दिली नाही, ती या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. तिला फार तर १९९६ च्या कायद्याने आलेल्या कुटुंबसाहाय्य योजनेतील मुलापुरते अनुदान मिळते, आणि ते सामान्यतः प्रतिपालनाच्या दराहून कमी असते. दोन्ही घरांतील मुलाची भूक सारखीच असते. १९७९ च्या निकालाने परका आणि नातलग यांतील भेद दूर केला. नातलग आणि नातलग यांतील हा भेद मात्र अद्याप शिल्लक आहे.