विक्रियक-प्रारण अभिज्ञातक
अणुकेंद्रीय विक्रियकातील न्यूट्रॉन, गॅमा किरण इ. प्रारणांचे अस्तित्व व तीव्रता ओळखून त्यांचे मोजता येईल अशा विद्युत् संकेतात रूपांतर करणारी साधने. विक्रियकाच्या गाभ्यात डोकावणे माणसाला शक्य नसते. तापमापकावरही विसंबता येत नाही, कारण अल्प शक्तीवर उष्णता जवळजवळ निर्माणच होत नाही आणि शक्ती झपाट्याने वाढू लागल्यास तापमान मागाहून वाढते. म्हणून गाभ्यात काय चालले आहे, याची पहिली वार्ता न्यूट्रॉनच देतात.

इतिहास : अर्नेस्ट रदरफर्ड व हान्स गायगर यांनी १९०८ मध्ये आल्फा कण विद्युतीय पद्धतीने एकेक मोजण्याचे साधन तयार केले. १९२८ मध्ये गायगर व व्हाल्टर म्यूलर यांनी त्यात सुधारणा करून गायगर-म्यूलर गणित्र सिद्ध केले. न्यूट्रॉनावर विद्युत् भार नसल्याने तो वायूचे थेट आयनीभवन करीत नाही. यावर बोरॉनाच्या १० अणुभारांकाच्या समस्थानिकाचा उपाय सापडला. हा समस्थानिक न्यूट्रॉन शोषून आल्फा कण बाहेर टाकतो व त्या कणामुळे विद्युत् स्पंद मिळतो. बोरॉन ट्रायफ्ल्युओराइड वायूने भरलेली गणित्रे या तत्त्वावर चालतात. शिकागो येथे २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रीको फेर्मी यांच्या मार्गदर्शनाखाली पहिली स्वयंपोषित शृंखला विक्रिया घडली, तेव्हा ती घडल्याचे अशा गणित्रांच्या व आयनीभवन कोठ्यांच्या वाचनांवरूनच कळले.

मापनपल्ला : विक्रियक सुरू होण्यापासून पूर्ण शक्तीस पोहोचेपर्यंत न्यूट्रॉनांची संख्या सुमारे एक हजार कोटी पटींनी वाढते. एवढा पल्ला कोणतेही एक साधन सांभाळू शकत नाही. म्हणून प्रारंभी स्पंद मोजणारी गणित्रे, मधल्या टप्प्यात गॅमा किरणांचा परिणाम वजा करणाऱ्या आयनीभवन कोठ्या व पूर्ण शक्तीच्या टप्प्यात विद्युत् प्रवाह मोजणाऱ्या कोठ्या वापरतात. त्यांचे पल्ले एकमेकांत शिरलेले असतात, त्यामुळे एका साधनाची पडताळणी दुसऱ्याने होते. संरक्षक यंत्रणेत सामान्यतः तीन स्वतंत्र वाहिन्या असून त्यांपैकी दोहोंनी धोका दर्शविल्यास विक्रियक आपोआप बंद होतो. एका साधनाच्या बिघाडाने विक्रियक विनाकारण बंद पडू नये व खरा धोकाही नजरेआड होऊ नये, हा यातील हेतू होय.

भारतातील विकास : तुर्भे येथील ‘अप्सरा’ हा विक्रियक ४ ऑगस्ट १९५६ रोजी क्रांतिक झाला. त्याचे इंधन ब्रिटनकडून मिळाले होते. परंतु नियंत्रणाची इलेक्ट्रॉनीय उपकरणे ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली देशातच तयार करण्यात आली. या कार्यातूनच पुढे १९६७ मध्ये हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. तारापूर येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या उकळत्या पाण्याच्या विक्रियकांत गाभ्याच्या आतच भंजन कोठ्या बसविलेल्या होत्या. तेथील ५४० मेवॉ. क्षमतेच्या, २००५ व २००६ मध्ये सुरू झालेल्या विक्रियकांचा गाभा मोठा असल्याने त्याच्या निरनिराळ्या भागांतील शक्ती स्वतंत्रपणे मोजावी लागते. त्यासाठी बाहेरून विद्युत् दाब न पुरवता चालणारे कोबाल्टाचे व व्हॅनेडियमाचे अभिज्ञातक वापरतात. कोबाल्टाचे अभिज्ञातक तत्काळ प्रतिसाद देतात, म्हणून ते नियंत्रणास व संरक्षणास उपयोगी पडतात. व्हॅनेडियमाचे मंद असले, तरी गाभ्यातील न्यूट्रॉन-वितरणाचा अचूक नकाशा देतात.

अपघातांतील अनुभव : अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी गाभ्याभोवतीचे पाणी कमी झाले. त्यामुळे न्यूट्रॉनांना होणारा अडथळा घटून बाहेरील गणित्रांची वाचने वाढली. परंतु त्यांचा खरा अर्थ चालकांच्या ध्यानी आला नाही. चेर्नोबिल येथे २६ एप्रिल १९८६ रोजी हाताशी असलेल्या मापकांची कमाल मर्यादा ताशी ३·६ राँटगेन होती. प्रत्यक्ष प्रारण त्याहून कित्येक पटींनी अधिक असूनही मर्यादेवर टेकलेला काटा हेच खरे मूल्य मानले गेले. याउलट दोनच दिवसांनी स्वीडनमधील फोर्समार्क येथे एका कर्मचाऱ्याच्या पादत्राणांवरील किरणोत्सर्गी धूळ तपासणी-यंत्राने टिपली व या अपघाताची वार्ता सोव्हिएट संघाबाहेर फुटली.

काक्रापार : खानदेशात अणुवीज केंद्र नाही. मात्र जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या प्रदेशातून गुजरातेत उतरणाऱ्या तापी नदीवर, उकाई धरणाच्या खालच्या अंगास काक्रापार येथे अणुवीज केंद्र आहे. त्याच्या पहिल्या विक्रियकापासून १९९३ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. या विक्रियकातील एक शीतक-नलिका ११ मार्च २०१६ रोजी फुटून जड पाण्याची गळती झाली. नलिकेभोवतीच्या वायूतील ओलावा पाहून गळतीची पूर्वसूचना देणारी यंत्रणा तेथे होती. परंतु तिच्याकडून आगाऊ सूचना मिळाली नाही. विक्रियक आपोआप बंद झाला. धुराड्यावरील व परिसरातील प्रारणमापकांनी बाहेर पडलेली किरणोत्सर्गी द्रव्ये विहित मर्यादेत असल्याचे दर्शविले. नलिका बदलल्यावर २०१९ मध्ये विक्रियक पुन्हा चालू करण्यात आला. एक साधन मूक राहिले, तरी निराळ्या तत्त्वावरील दुसरे साधन बोलते असले पाहिजे, याचे हे बोलके उदाहरण होय.

परिसर-निरीक्षण : केंद्राच्या परिसरातील माती, पाणी, दूध, मासे इत्यादींची तपासणी पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा करतात. हे काम केंद्र चालू होण्यापूर्वीच आरंभिले जाते, कारण मूळची नैसर्गिक पातळी ठाऊक नसेल, तर नंतरच्या वाढीचा निर्णय करता येत नाही. नमुन्यांतील गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून किरणोत्सर्गी द्रव्य ओळखण्यासाठी जर्मेनियमाचे अर्धसंवाहक अभिज्ञातक वापरतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभर स्वयंचलित गॅमामापकांचे जाळेही उभारले आहे. तथापि साधने कितीही सूक्ष्म झाली, तरी त्यांचे वेळोवेळी प्रमाणीकरण करणे, त्यांच्या मर्यादा जाणणे व अनपेक्षित वाचन उपकरणाचा दोष म्हणून झटकून न टाकणे, यांवरच त्यांची खरी उपयुक्तता अवलंबून असते.