डूला : प्रसूतीपूर्व मानसिक तयारी

गर्भवतीला प्रसूतीआधी, कळांच्या काळात आणि बाळंतपणानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत धीर, माहिती व शारीरिक आराम देणारी प्रशिक्षित सोबतीण म्हणजे डूला. ती तपासणी करत नाही, औषध देत नाही की प्रसूती करत नाही. ती कामे डॉक्टर, परिचारिका व सुईण यांची.

पार्श्वभूमी : अमेरिकन मानवशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७३ मधील आपल्या स्तनपानविषयक पुस्तकात नवमातेला आधार देणाऱ्या व्यक्तीसाठी ‘डूला’ ही संज्ञा वापरली. बालरोगतज्ज्ञ मार्शल क्लॉस व जॉन केनेल यांचा सहकाऱ्यांसह ग्वाटेमालात केलेला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी अनोळखी असलेली एखादी बाई जरी सतत जवळ बसून राहिली, तरी कळांचा काळ कमी होतो, असे त्यात दिसले. या दोघांनी फिलिस क्लॉस, पेनी सिमकिन व ॲनी केनेडी यांच्यासह १९९२ मध्ये स्थापन केलेली संस्था आज ‘डोना इंटरनॅशनल’ या नावाने डूलांना प्रशिक्षण देते.

तयारीचे स्वरूप : ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांच्या मांडणीनुसार भीतीने शरीर ताठरते आणि ताठरल्याने वेदना वाढतात. त्यामुळे प्रसूतीपूर्व भेटींत डूला आधी भीती बोलती करते. वेदना सोसवतील का, सिझेरियन करावे लागले तर काय, आधीचे बाळंतपण वाईट गेले होते, पूर्वी गर्भपात झाला होता, अशा गोष्टी ती मध्येच न तोडता, उपदेश न करता ऐकून घेते. मग कळांचे टप्पे, रुग्णालयाची पद्धत आणि उपलब्ध पर्याय समजावून सांगते. प्रसूतीविषयीच्या इच्छा लिहून काढताना बेत बदलला तर काय करायचे, हेही ठरवले जाते.

सिमकिन यांनी यासाठी सोपी साधने दिली. वेदनाशामकांविषयीची इच्छा +१० ते −१० या मोजपट्टीवर नोंदवता येते. औषध न घेण्याचा निश्चय केलेल्या स्त्रीसाठी एक सांकेतिक शब्द ठरवला जातो. तो उच्चारला, की तिला आता खरोखर औषध हवे आहे असे समजायचे. शिथिलता, लय आणि स्वतःची एक ठरलेली रीत यांच्या आधारे स्त्रिया कळा पेलतात, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून श्वास, हुंकार, डोलणे, कंबर चोळणे यांचा सराव नवऱ्याला किंवा आईला सोबत घेऊन केला जातो.

मर्यादा : प्रसूतीची तीव्र भीती, नैराश्य किंवा पूर्वीच्या अत्याचाराचा आघात असल्यास डूलाने मानसोपचारतज्ज्ञांची मदत सुचवायची असते. स्त्रीच्या वतीने निर्णय घेणे किंवा वेदनारहित प्रसूतीचे आश्वासन देणे तिच्या कामात बसत नाही.

महत्त्व : पहिल्या प्रसूतीनंतर १५ ते २० वर्षांनी स्त्रियांच्या आठवणी तपासणारा सिमकिन यांचा छोटा पण मोलाचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांचे समाधान त्यांना मिळालेल्या वागणुकीवर आणि परिस्थिती आपल्या हातात होती या जाणिवेवर अवलंबून होते, असे त्यातून दिसले. भावनिक तयारीचे खरे उद्दिष्ट हेच आहे : प्रसूती कशीही झाली तरी त्या स्त्रीला विचारले गेले पाहिजे, तिचे ऐकले गेले पाहिजे. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या प्रसूतीतील अखंड सोबतीविषयीच्या २०१७ च्या आढाव्यात १५,८५८ स्त्रियांची माहिती होती. अशी सोबत मिळालेल्यांमध्ये सिझेरियनचे आणि प्रसूतीविषयी नकारात्मक भावना राहण्याचे प्रमाण कमी आढळले.

भारतातील स्थिती : महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत आहे, तिथे आई, मावशी, आजी यांचा आधार मिळतो. प्रसूती रुग्णालयात होऊ लागली तशी ही माणसे प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेर राहिली. २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतिणीला परवानगी दिली. ती स्वतः प्रसूतीच्या अनुभवातून गेलेली असावी, अशी अपेक्षा ठेवली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आता व्यावसायिक डूला काम करतात. तो खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांतही गरोदरपणातच सोबतीण ठरवून तिला ऐकून घेण्याचे, धीर देण्याचे आणि कंबर चोळण्याचे शिक्षण दिले, तर या पद्धतीचा मोठा भाग प्रत्येक गर्भवतीपर्यंत पोहोचू शकतो.