महार वतनाची जमीन : भाव ठरवतो कोण?

"वतनी जमीन आहे, तिला काय भाव येणार?" हे वाक्य नगर जिल्ह्यात आपल्या किती म्हाताऱ्यांनी ऐकले असेल, याची गणती नाही. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, वाक्य तेच राहिले.) आम्ही ते गेल्या वर्षी नेवासा तालुक्यातील एका घराच्या ओट्यावर ऐकले. एजंट एकरी ५ लाख सांगत होता आणि घरातले काका मान डोलावत होते. इसारपावती लिहूनच आणलेली होती. जमीन रस्त्याला लागून, प्लॉट पाडण्याजोगी.

या वाक्याला इतिहास आहे. तो ठाऊक नसेल तर रास्त भाव कोणता, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

महाराने सरकारची आणि गावाची कामे रात्रंदिवस करायची, त्याबदल्यात बलुते आणि वतनाची जमीन. गावोगावच्या हाडकी-हाडवळ्याच्या जमिनी या त्यातल्याच. पिढ्यांनी तुकडे पडत गेले, वाट्याला गुंठे आले, राबणूक मात्र अख्ख्या घराची राहिली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यातली एक मागणी नीट वाचा : ज्याला नको त्याला सेवेतून मोकळे करा, तो पूर्ण शेतसारा भरेल, पण जमीन त्याच्याकडेच राहू द्या. म्हणजे बाबासाहेब फुकट काही मागत नव्हते, हिशेब मागत होते. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले.

१६ डिसेंबर १९३९ रोजी आजच्या श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला वतनदार महार-मांगांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. सरकारने वतनी जमिनीवरची जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, वाढवला होता, त्याविरुद्ध ती परिषद होती. जागाही लक्षात घ्या. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरे झालेले, प्रवरेचे कालवे वाहते, हरेगावला साखर कारखाना. पाणी आले की जमिनीचे मोल बदलते, हे या पट्ट्याने डोळ्यांनी पाहिले होते. सरकारला जमिनीचे वाढते मोल दिसत होते, महाराच्या श्रमाचे मोल तेवढे दिसत नव्हते.

पुढे १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याने वतने गेली. जमीन पूर्वीच्या वतनदाराला परत मिळणार होती, आकाराच्या तिप्पट रक्कम भरून. ही रक्कम फार मोठी नव्हती. पण परत मिळालेल्या जमिनीला शर्त चिकटली : जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय ती विकता येणार नाही. सातबाऱ्यावर दिसणारा 'भोगवटादार वर्ग २' किंवा 'नवीन अविभाज्य शर्त' हा शेरा तो हाच. शर्त आपली जमीन कोणी लुबाडू नये म्हणून होती. बाजाराने तिचाच भाव पाडण्याचा बहाणा केला.

आता ओट्यावरचा हिशेब. आम्ही काकांना म्हणालो, "आठ दिवस सही करू नका." नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शेजारच्या गटांच्या खरेदीखतांची सूची क्रमांक २ पाहिली. रस्त्याकडेचा एक दस्त एकरी २४ लाखांचा निघाला. रेडीरेकनरचा दर एकरी १६ लाख. बिगरशेतीसाठी नजराणा साधारण बाजारमूल्याच्या निम्मा, आणि ते मूल्य सरकार रेडीरेकनरवरून काढते. म्हणजे ८ लाख. २४ मधून ८ गेले तर १६ उरतात. एजंट ५ देत होता. उरलेले ११ लाख कशाचे? आमच्या मते ते जातीचे. ती खरेदीदाराच्या खिशात जाणारी वजावट आहे, तिला कायद्यात कुठलेही कलम नाही.

कोणी म्हणेल, एकाच दस्तावरून भाव कसा ठरवता? आक्षेप बरोबर आहे. नात्यातला किंवा अडचणीतला व्यवहार फसवतो. म्हणून २०१३ च्या भूसंपादन कायद्याची रीत वापरा : आधीच्या ३ वर्षांतले तशाच जमिनीचे दस्त घ्या, त्यांतले जास्त दराचे निम्मे निवडा, त्यांची सरासरी काढा. सरकार स्वतः जमीन घेताना हा आकडा विचारात घेते, मग आपण का घेऊ नये? आणि रेडीरेकनर हा मुद्रांक शुल्काचा दर आहे. "सरकारी भावच एवढा आहे" असे कोणी म्हणाले तर त्याला शेजारचा दस्त दाखवा.

हे फक्त खेड्यात घडते असे समजू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यात मुंढव्याची सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन गाजली. ३०० कोटींचा व्यवहार, बाजारभाव १८०० कोटींच्या घरात असल्याचा आरोप, मुद्रांक ५०० रुपयांचा. चौकशी लागली. पण चर्चा झाली ती बुडालेल्या मुद्रांक शुल्काची आणि राजकारणाची. मूळ वतनदारांच्या वारसांना काय मिळाले, हे विचारणारे थोडेच होते.

काकांनी इसार घेतला नाही. एजंट उठताना म्हणाला, "मग बघा, दुसरं गिऱ्हाईक येतंय का." सातबाऱ्यावर १४ वारस आहेत, त्यांतले तिघे मुंबईला. त्यांच्या सह्या झाल्या की परवानगीचा अर्ज जाईल. तोवर काकांनी त्या तुकड्यात बाजरी पेरली आहे.