रमाबाई अपार्टमेंट: चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत

कोसळण्याच्या सुमारे तेरा वर्षे आधी

विरार पूर्वेच्या विजय नगरात रमाबाई अपार्टमेंट ही चार मजली इमारत उभी राहते. पन्नासच्या आसपास फ्लॅट. वसई-विरार महापालिका तेव्हा नवी आहे. ३ जुलै २००९ ला ती स्थापन झाली, त्याआधी या पट्ट्याचं नियोजन सिडकोकडे होतं. एक यंत्रणा निघाली होती, दुसरी अजून बसत होती आणि त्याच काळात पूर्वेला इमारती भराभर वर चढत होत्या. रमाबाई अनधिकृत होती हे सगळ्या गावाला कळलं ते ती पडल्यावर, महापालिकेच्या तक्रारीतून.

या सबंध घटनाक्रमात काही करता आलं असतं ते इथेच. घर घेणाऱ्याला सांगितलं जातं की वीज मीटर आहे, घरपट्टी लागली आहे, मग काळजी कसली? पण घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते, शास्तीसकट लागते, आणि ती भरल्याने इमारत अधिकृत होत नाही. बघायची ती बांधकाम परवानगी, बिनशेतीचा आदेश, सातबारा आणि भोगवटा प्रमाणपत्र. तेही बिल्डरने हातात दिलेल्या झेरॉक्सवर नव्हे, महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन. २०२३ मध्ये विरार पोलिसांनी ५५ इमारतींचं प्रकरण बाहेर काढलं, त्यात परवानग्याच खोट्या होत्या, शिक्क्यांसकट. कागद बघितला आणि समाधान झालं, एवढ्यावर या तालुक्यात भागत नाही.

सात महिने आधी

जानेवारी-फेब्रुवारी २०२५. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ४१ अनधिकृत इमारतींपैकी उरलेल्याही पाडल्या जातात. जागा कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर येतात. त्यांनीही पैसे मोजूनच घरं घेतली होती.

आठवडाभर आधी

१८ ते २० ऑगस्ट. मुसळधार पाऊस, वसई-विरारमध्ये जागोजागी पाणी. अशा पावसात इमारतींची काळजी वाटते, पण संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे ती तीस वर्षांहून जुन्या इमारतींना. रमाबाई तेवढी जुनी नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट, सकाळ

हरतालिका. दुसऱ्या दिवशी गणपती. कोकणात जाणारे बरेचसे निघून गेलेले, राहिलेल्यांच्या घरी मखराची घाई.

घराच्या व्यवहारांचीही हीच घाईची वेळ असते. गणपतीनंतर पितृपक्ष, त्या पंधरवड्यात नव्या घराचं टोकन द्यायला अनेक घरं तयार होत नाहीत. म्हणजे एक तर आता, नाही तर थेट घटस्थापनेनंतर. त्यात गावी जायचं रिझर्व्हेशन झालेलं असतं, ऑफिसातून सुटी मंजूर झालेली असते. दलालाला हे सगळं ठाऊक असतं. ‘गावाला जाण्याआधी टोकन टाकून जा, आल्यावर कागद बघू,’ असं तो म्हणतो आणि ते सोयीचं वाटतं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढायला वकिलाला दिवस लागतात. सणाआधी तेवढे दिवस शिल्लक नसतात. माझं मत स्पष्ट आहे: टोकन थांबू शकतं. घर हातचं गेलं तरी चालेल, मुहूर्त पुन्हा येतो.

सायंकाळ

सरकारी कचेऱ्या बंद होतात. बुधवारी चतुर्थीची सुटी.

रात्र

रमाबाईच्या चौथ्या मजल्यावर एका मुलीचा पहिला वाढदिवस साजरा होतो. पाहुणे आलेले आहेत.

मध्यरात्र, १२ वाजून ५ मिनिटं

इमारतीचा मागचा भाग कोसळतो. त्यात बारा फ्लॅट आहेत. ढिगारा शेजारच्या चाळीवर पडतो, ती रिकामी आहे म्हणून तिथे जीवितहानी होत नाही. वाढदिवसाची ती मुलगी आणि तिची आई या दुर्घटनेत जातात.

बुधवार, पहाट ते रात्र

अग्निशमन दलाच्या मदतीला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं येतात. पण गल्ली अरुंद, मोठी यंत्रं सुरुवातीला आत येईनात. माणसं हातांनी विटा-सिमेंट उपसतात. अनधिकृत इमारतीला रस्ता किती सोडला, हेही कुणी मोजलेलं नसतं. इथे ते जिवावर बेतलं. आसपासची घरं रिकामी करून लोकांना चंदनसार समाजमंदिरात हलवलं जातं. चतुर्थीचा दिवस त्यांचा तिथे जातो. बिल्डरवर गुन्हा दाखल होतो, त्याला अटक होते.

गुरुवार, २८ ऑगस्ट

तीस तासांहून अधिक चाललेलं बचावकार्य संपतं. मृत्यू १७. राज्य सरकारकडून मृतांच्या वारसांना पाच लाखांची मदत जाहीर होते. उरलेल्या इमारतीतल्या कुटुंबांचे जीव वाचले, राहतं घर मात्र गेलं.

पंचवीस दिवसांनी

२२ सप्टेंबरला घटस्थापना, २ ऑक्टोबरला दसरा. टोकनांचा पुढचा हंगाम. वसई-विरार महापालिकेकडे एक मागणं आहे. प्रत्येक प्रभागातल्या अधिकृत इमारतींची यादी, परवानगीच्या क्रमांकासह, प्रभाग कार्यालयात आणि दस्त नोंदणीच्या कचेरीत भिंतीवर लावा. दर सणाच्या पंधरा दिवस आधी ती अद्ययावत करा. मराठीत, मोठ्या अक्षरात, सही करायला आलेल्या माणसाला उभ्या उभ्या वाचता येईल अशी.