फुटपाथवरची रेखाटनं

1943 साली बंगालच्या खेड्यांतून आलेली माणसं कलकत्त्याच्या फुटपाथवर अन्नावाचून मरत होती. सरकारी कला विद्यालयातले तरुण शिक्षक जैनुल आबेदीन रस्त्यावर जाऊन त्यांना रेखाटत होते. याच हाताला 1938 साली ब्रह्मपुत्रेच्या जलरंगांसाठी सुवर्णपदक मिळालं होतं. आता रंग गेले. पॅकिंगचा स्वस्त कागद, काळी शाई, ब्रशचे जाड फटकारे, बस्स! कचराकुंडीपाशी माणूस, कुत्रा आणि कावळा एकाच घासासाठी आलेले. मागे बहुतेक ठिकाणी इमारत नाही, रस्ता नाही. नुसता कोरा कागद. घाईमुळे तो तसा राहिला, हे मला पटत नाही. त्या माणसांच्या मागे खरंच काही उरलं नव्हतं. लाखो मेले, सरकारदरबारी त्यांची नावं कोण लिहिणार? इथं मात्र बरगड्या मोजता येतात. फाळणीनंतर आबेदीन ढाक्याला गेले आणि 1948 मध्ये त्यांनी तिथं कलाशाळा उभी केली.